फुकटची छायाचित्रे आणि चेहऱ्याचे मोल

मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका महिलेची याचिका आली. तिचे म्हणणे थोडक्यात असे होते : परिचयाच्या एका छायाचित्रकाराने तिचे छायाचित्र टिपले, तिची संमती न घेता ते अमेरिकेतील एका छायाचित्र-भांडाराच्या संकेतस्थळावर चढविले, आणि तेथून ते केंद्राचे ग्रामविकास मंत्रालय, महाराष्ट्रासह चार राज्यांची सरकारे व एक राष्ट्रीय राजकीय पक्ष यांच्या जाहिरातींपर्यंत जाऊन पोहोचले. ज्या चेहऱ्याने शासकीय योजनांची शोभा वाढविली, त्या चेहऱ्याच्या मालकिणीला यातले काहीच ठाऊक नव्हते. मग मोबदल्याची गोष्ट दूरच. न्यायालयाने संबंधितांना नोटिसा काढल्या आणि हा सकृद्दर्शनी छायाचित्राचा व्यापारी वापर दिसतो, असे मतही व्यक्त केले.

ही बातमी वाचताना प्रस्तुत लेखकाला आपल्याच महाविद्यालयातील एका विद्यार्थिनीची आठवण झाली. वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका हौशी छायाचित्रकाराने तिला मेणवलीच्या घाटावर नेऊन तिची दोन-अडीचशे छायाचित्रे काढली. करार तोंडी आणि सोपा होता : ‘पैसे तूही देऊ नकोस, मीही देत नाही; फोटो तुला, नाव मला.’ जाताना त्याने इंग्रजीत छापलेल्या एका कागदावर तिची सही मात्र घेतली. सहा महिन्यांनी तिच्या आईला एस. टी.च्या खिडकीतून तालुक्याच्या गावी एका साडीच्या दुकानावर आपल्या मुलीचा आठ फुटी चेहरा दिसला. दुकानदार म्हणाला, ‘मी तीन हजार मोजून फोटो घेतला आहे.’ छायाचित्रकार म्हणाला, ‘तिची सही आहे.’ अखेर एक साडी देऊन प्रकरण मिटविण्यात आले. विनिमयाचा पाठ चालू असताना तिने वर्गात विचारलेला प्रश्न मात्र मिटला नाही. ‘सर, अर्थशास्त्रात फुकट काहीच नसते असे तुम्ही सांगता. मग त्या तीन हजारांत माझे किती होते?’

प्रश्न एका मुलीपुरता नाही. ज्याच्या त्याच्या हाती कॅमेरा आल्यापासून पुणे-मुंबईतच नव्हे, तर नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा शहरांतूनही असे बिनपैशाचे छायाचित्रण सर्रास चालते. मॉडेल होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना पोर्टफोलिओ हवा असतो, नवख्या छायाचित्रकाराला चेहरा हवा असतो, दोघांच्याही खिशात पैसा नसतो. अशा छायाचित्रणातून मॉडेलला उत्पन्न मिळू शकते काय, आणि मिळायचे तर कोणत्या वाटेने, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. तो भावनेने नव्हे, हिशेबाने करावयास हवा.

वस्तुविनिमयाचे जुने दुखणे

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बिनपैशाचे छायाचित्रण हे दान नव्हे, तो वस्तुविनिमय आहे. मॉडेल आपला वेळ, श्रम आणि रूप देते. छायाचित्रकार आपला वेळ, कौशल्य आणि उपकरणे देतो. मोबदल्यादाखल दोघांनाही छायाचित्रे मिळतात. जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८७५ साली पैशावरील आपल्या ग्रंथात वस्तुविनिमयाची मुख्य अडचण सांगितली होती : दोन्ही बाजूंच्या गरजांचा अचूक मेळ बसावा लागतो. येथे तो मेळ बसतो, म्हणूनच ही प्रथा टिकून आहे. तिला सरसकट शोषण म्हणणे अन्यायाचे ठरेल. उमेदवारीच्या काळात शिंपी, सुतार, वकील आणि गवई सर्वांनीच थोडेफार बिनमोल काम केलेले असते.

दुखणे वेगळ्या ठिकाणी आहे. धान्य देऊन मडके घेतले की व्यवहार संपतो. धान्य खाल्ले जाते, मडके फुटते. छायाचित्राचे तसे नाही. ते टिकाऊ असते आणि त्याची दुसरी प्रत काढण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. म्हणजे त्या एका दुपारी घाटावर केवळ सेवेची देवघेव झाली नाही, एक उत्पादक मालमत्ता निर्माण झाली. पुढे दहा वर्षे ती भाडे मिळवू शकते. मॉडेलला त्या दुपारचा मोबदला मिळाला, अर्थात तोही वस्तुरूपाने. मालमत्तेचे भाडे मात्र दुसऱ्याकडे गेले.

हे काही आजचेच नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे घरोघरच्या भिंतींवर गेली. छपाईच्या यंत्राने एका चित्राच्या हजारो प्रती केल्या. ज्या स्त्रियांनी चित्रकारासमोर बसून त्या देवतांना रूप दिले, त्यांच्या वाट्याला मात्र बैठकीपलीकडचे काही येण्याची सोयच नव्हती. आज छापखान्याच्या जागी संकेतस्थळ आले, एवढाच फरक.

मोबदला शून्यावर का उतरतो, याचेही उत्तर सरळ आहे. शर्विन रोझेन या अर्थशास्त्रज्ञाने १९८१ साली दाखवून दिले, की काही व्यवसायांत गुणांतला थोडासा फरक उत्पन्नात प्रचंड तफावत घडवितो. शिखरावरच्या मूठभरांना अफाट मिळते, आणि त्या मूठभरांत आपला नंबर लागेल या आशेने हजारो लोक पायथ्याशी फुकट राबावयास तयार असतात. स्वतः मॉडेलिंग केलेल्या समाजशास्त्रज्ञ अॅशली मीअर्स यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात याचा एक विलक्षण पैलू नोंदविला आहे. प्रतिष्ठित फॅशन मासिकांचे काम सर्वांत मानाचे, पण त्याचा मोबदला नगण्य. ज्याला कोणी मान देत नाही त्या कपड्यांच्या कॅटलॉगचे काम मात्र रोख पैसे देणारे. प्रतिष्ठा हेच तेथे चलन असते. दुर्दैवाने त्या चलनात घरभाडे भरता येत नाही.

एक पेटी, दोन किल्ल्या

आता मालकीचा प्रश्न. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते टिपणारी व्यक्ती, आणि सामान्यतः कर्ता हाच पहिला मालक. मात्र कलम १७ मध्ये एक महत्त्वाचा अपवाद आहे. एखाद्या व्यक्तीच्या सांगण्यावरून आणि मोल घेऊन छायाचित्र काढले असेल, तर विरुद्ध करार नसल्यास मालकी त्या मोल देणाऱ्या व्यक्तीची होते. यातून निघणारा निष्कर्ष चमत्कारिक, पण ध्यानात ठेवण्याजोगा आहे. जी मुलगी पैसे मोजून पोर्टफोलिओ काढून घेते, ती त्या छायाचित्रांची मालक होऊ शकते. जी फुकट उभी राहते, तिच्या छायाचित्रांचा मालक सहसा छायाचित्रकार. वाचलेले पैसे ही प्रत्यक्षात मालकीची किंमत असते आणि ती आपण चुकती केली हे तिला कोणी सांगत नाही.

कलावंत म्हणूनही कायदा तिला सहज जवळ करीत नाही. प्रयोगकर्त्यांना संरक्षण देणाऱ्या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, एवढेच काय, गारुडीदेखील आहे. स्थिर छायाचित्रासाठी उभ्या राहणाऱ्या मॉडेलचे नाव तीत नाही.

तथापि, म्हणून तिच्या हाती काहीच नाही असे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात सांगितले, की एखाद्याचे नाव वा प्रतिमा त्याच्या संमतीविना जाहिरातीसाठी वापरणे हा खासगीपणाच्या हक्काचा भंग होय. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. पुढे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ साली अमिताभ बच्चन यांना व २०२३ साली अनिल कपूर यांना, तर मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली गायक अरिजित सिंह यांना त्यांच्या नावाच्या व प्रतिमेच्या अनधिकृत व्यापारी वापरापासून संरक्षण दिले. नामवंतांना जे मिळाले ते अनामिकांना कितपत मिळते, हा आरंभी उल्लेखिलेल्या याचिकेने उभा केलेला खरा प्रश्न आहे.

म्हणजे छायाचित्र ही दोन कुलपांची पेटी आहे. एक किल्ली कॉपीराइटची, ती छायाचित्रकाराकडे. दुसरी किल्ली प्रतिमेच्या वापरास द्यावयाच्या संमतीची, ती मॉडेलकडे. दोन्ही लागल्याखेरीज जाहिरातदाराला ती पेटी रीतसर उघडता येत नाही. छायाचित्र विकणारी मोठी भांडारे ओळखू येणाऱ्या व्यक्तीच्या व्यापारी वापराच्या चित्राबरोबर तिचे सहीचे संमतीपत्र मागतात, ते याचसाठी. आमच्या विद्यार्थिनीने सही केलेला इंग्रजी कागद तोच होता. तिने दोनशे छायाचित्रे फुकट दिली असे तिला वाटत होते. वस्तुतः तिने किल्ली फुकट दिली होती.

तात्पर्य हे, की बिनपैशाच्या छायाचित्रणातले उत्पन्न त्या दिवशीच्या श्रमात नसून संमतीपत्रात आहे. छायाचित्रण फुकट असावयास हरकत नाही. संमती फुकट नसावी.

उत्पन्नाच्या वाटा

व्यवहारात याचा अर्थ काय? पहिली वाट मर्यादित संमतीची. दोघांनीही ही चित्रे आपापले काम दाखविण्यापुरती वापरावीत. विक्री, जाहिरात वा भांडारात ठेवणे यांसाठी स्वतंत्र लेखी संमती आणि स्वतंत्र मोबदला असावा. संमतीपत्रात माध्यम, प्रदेश आणि मुदत या तीन गोष्टी लिहिल्या जाव्यात. कॉपीराइटच्या हस्तांतराबाबत कायद्याने हेच तत्त्व स्वीकारलेले आहे : मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. लेखकाच्या हस्तलिखिताला जी काळजी लागू, ती मॉडेलच्या चेहऱ्याला लागू करण्यात अवघड असे काही नाही.

दुसरी वाट भागीदारीची. छायाचित्रे भांडारात ठेवावयाची असतील तर येणाऱ्या रकमेतील ठरावीक हिस्सा, समजा निम्मा, मॉडेलला मिळावा असा करार करता येतो. येथे भ्रम मात्र नको. एका प्रमुख भांडाराने जून २०२० पासून छायाचित्रकाराचा हिस्सा १५ ते ४० टक्क्यांच्या श्रेणीत बांधला आणि एका चित्राच्या एका उचलीमागे किमान रक्कम १० सेंट, म्हणजे आठ-नऊ रुपये, ठेवली. समजा शंभर चित्रे आहेत आणि प्रत्येक वर्षाला दहादा उचलले गेले, तर या किमान दराने शंभर डॉलर होतात. मॉडेलचा निम्मा वाटा चार-साडेचार हजार रुपये. यावर कोणाचा संसार चालणार नाही. परंतु जी रक्कम आज शून्य आहे तिच्या तुलनेत, आणि एका दुपारच्या श्रमावर वर्षानुवर्षे मिळणारे उत्पन्न म्हणून, ती तुच्छही नाही. दुसरे असे, की हिशेब मागण्याचा हक्क मिळाला की चित्र कोठे गेले हे कळण्याची सोय होते. हा लाभ पैशाहून मोठा आहे.

तिसरी वाट स्थानिक बाजाराची. माझ्या मते सर्वांत भरवशाची. साडीची दुकाने, सराफी पेढ्या, मंगल कार्यालये, दिवाळी अंकांचे जाहिरातदार यांना दूरदेशीच्या भांडारातले परके चेहरे नको असतात. त्यांना आपल्या गिऱ्हाईकासारखे दिसणारे चेहरे हवे असतात. फुकट काढलेल्या दहा उत्तम चित्रांचा उपयोग नमुना म्हणून करून मॉडेल आणि छायाचित्रकार यांनी मिळून अशा दुकानदाराकडे जावे आणि कामाचे दर ठरवावेत. मीअर्स यांचा अनुभवही हेच सांगतो : मान मासिकात, पैसा कॅटलॉगात. फुकटचे काम हे बियाणे समजावे. बियाणे किती पेरावयाचे यालाही मर्यादा असते. दहावा पोर्टफोलिओ पहिल्याइतके काही शिकवीत नाही. त्यानंतरचे फुकट काम ही उमेदवारी नसून सवय होय.

लेखी कागदाचे महत्त्व रसेल क्रिस्टॉफ या अमेरिकन गृहस्थांच्या हकिकतीतून चांगले कळते. १९८६ साली नेस्ले कंपनीच्या कॉफीसाठी त्यांचे छायाचित्रण झाले. मिळाले २५० डॉलर; कॅनडात लेबलावर चित्र वापरल्यास आणखी २००० डॉलर, असा करार होता. २००२ साली एका दुकानात कॉफीच्या बाटलीवर त्यांना अचानक स्वतःचा चेहरा दिसला. २००५ साली ज्यूरीने त्यांना १ कोटी ५६ लाख डॉलर देवविले. २००७ साली अपिलात तो निर्णय फिरला. २००९ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मुदतीचा मुद्दा पुन्हा तपासण्यासाठी प्रकरण खाली पाठविले. ज्याच्याजवळ करार होता त्याचीही ही दमछाक. ज्यांच्याजवळ तोंडी शब्दाखेरीज काही नाही, त्यांनी काय करावे?

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

यावर छायाचित्रकारांचा आक्षेप येईल, आणि तो गैर नाही. ‘आम्हीही फुकटच राबतो. कॅमेऱ्याचे हप्ते आम्ही फेडतो. रात्र-रात्र जागून चित्रे सजवितो. मॉडेलने हिस्सा मागितला तर आम्ही दुसरी शोधू.’ यातले शेवटचे वाक्य सर्वांत खरे आहे. ज्या बाजारात उभे राहण्यास शंभर जणी तयार असतात, तेथे एकटीने अट घालणे म्हणजे काम गमावणे होय. केवळ ‘करार करा’ असा उपदेश करून अर्थशास्त्राच्या शिक्षकाने मोकळे व्हावे, हे म्हणून योग्य नाही.

परंतु छायाचित्रकार आणि मॉडेल हे या व्यवहारातले खरे प्रतिपक्षी नव्हेत. दोघांच्या बिनमोल श्रमातून निघालेले आधिक्य तिसराच उचलतो : तीन हजारांत वर्षभराची जाहिरात करणारा दुकानदार आणि दोघांनाही न ओळखणारे भांडार. मॉडेलची किल्ली फुकट मिळते, म्हणून छायाचित्रकाराची किल्लीही स्वस्त विकली जाते. दोन्ही किल्ल्या एकत्र आणि योग्य दराने विकल्या गेल्या, तर छायाचित्रकाराचे नुकसान न होता फायदाच होण्याचा संभव अधिक.

एकट्याने जे जमत नाही ते नियमाने व संघटनेने जमते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. चित्रपटातील गीतकार-संगीतकारांना अनेक वर्षे एकरकमी पैसे देऊन मोकळे केले जाई. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी हा प्रश्न लावून धरला, आणि २०१२च्या दुरुस्तीने त्यांना स्वामित्वधनाचा असा वाटा मिळाला की जो करारानेही सोडून देता येत नाही. दुर्बलाला स्वतःचा हक्क विकून टाकण्याचीही मुभा नसावी, हे त्यामागचे सूत्र. न्यूयॉर्क राज्यात मॉडेलांच्या संघटनेने चिकाटीने प्रयत्न केले आणि डिसेंबर २०२४ मध्ये संमत झालेला कायदा १९ जून २०२५ पासून अमलात आला. मॉडेल पुरविणाऱ्या संस्थांची दलाली त्याने २० टक्क्यांवर रोखली आणि मॉडेलची संगणकीय प्रतिकृती करण्यास स्वतंत्र लेखी संमती आवश्यक केली.

हा अखेरचा मुद्दा आपल्याकडे विशेष निकडीचा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने एखाद्या व्यक्तीच्या छायाचित्रांवरून तिची न काढलेली चित्रे तयार करता येतात. मार्च २०२५ मध्ये एच अँड एम या कपड्यांच्या कंपनीने तीस मॉडेलांच्या अशा संगणकीय प्रतिकृती करण्याचे जाहीर केले; त्यांचे हक्क मॉडेलांकडेच राहतील व वापराचा मोबदला मिळेल, असेही सांगितले. मोठ्या कंपनीशी व्यवहार करणाऱ्या नामवंत मॉडेलला हे मिळते. घाटावर उभ्या राहिलेल्या मुलीची दोनशे चित्रे ज्याच्याजवळ आहेत, त्याला उद्या तिला पुन्हा बोलाविण्याचीही गरज पडणार नाही. आजची सरसकट संमती म्हणजे उद्याच्या सर्व कामांचा आगाऊ राजीनामा ठरू शकते.

आपल्याकडे मोठ्या कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. एक पानी, स्वच्छ मराठीत लिहिलेला नमुना-करार पुरेसा आहे. त्यात चार कलमे असावीत : दाखविण्यापुरता वापर दोघांनाही मोकळा, व्यापारी वापरास स्वतंत्र संमती व ठरलेला वाटा, मुदत, प्रदेश आणि माध्यम यांचा उल्लेख, आणि संगणकीय प्रतिकृतीस स्पष्ट मनाई वा स्वतंत्र मोबदला. गावोगावच्या छायाचित्रकार संघटनांनी तो आपला म्हणून स्वीकारावा. महाविद्यालयांतून सौंदर्यस्पर्धा आणि छायाचित्रण शिबिरे उत्साहाने भरविली जातात. त्यांच्या प्रवेशपत्रिकेबरोबर हा कागदही द्यावा. सर्वांनी एकच नमुना वापरला की अट घालणारी मुलगी ‘नखरेल’ ठरत नाही; अट हीच रीत होते. शासनाच्या जाहिरात विभागांनीही दोन्ही किल्ल्यांचा कागद पाहिल्याखेरीज एकही चेहरा छापू नये. ज्या सरकारांना न्यायालयाची नोटीस गेली, त्यांनी हा धडा सर्वांआधी घ्यावयास हवा.

आणखी एक विसंगती नोंदवून हे विवेचन पुरे करतो. १ जुलै २०२२ पासून आयकर कायद्यात अशी तरतूद आली, की धंद्याच्या ओघात वस्तुरूपाने दिलेला लाभ वर्षाला २० हजार रुपयांपेक्षा अधिक असेल तर देणाऱ्याने त्यावर १० टक्के कर कापून भरावा. म्हणजे पैसा न देता केलेल्या व्यवहारालाही मोल असते, हे कर वसूल करताना राज्यसंस्थेने मान्य केले. तेच मोल श्रम करणाऱ्याच्या पदरात टाकताना मात्र आपण सारेच ‘हौसेचे काम’ म्हणून हात झटकतो.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला त्या दिवशी वर्गात मला नेमके उत्तर देता आले नव्हते. आज द्यावयाचे झाले तर मी असे देईन : त्या तीन हजारांत तुझे किती, हे अर्थशास्त्र ठरवीत नाही. ते तुझ्या सहीच्या वर काय लिहिले आहे, यावर ठरते. म्हणून सही करण्यापूर्वी वाच. आणि वाचता येईल अशा भाषेत ते लिहून माग. पुढच्या वर्गात बसणाऱ्या मुलींना तो कागद मराठीत मिळावा, एवढी व्यवस्था करणे मात्र आम्हा थोरांचे काम आहे.